दोनशे पंच्याहत्तर म्हणजे किती?

छत्रपती संभाजीनगरातून बाहेर पडणारा कोणताही रस्ता घ्या. जालना रोड असो, पैठण रोड असो, बीड बायपास असो की नगर नाक्यापुढचा वाळूजचा रस्ता असो, शहर विरळ व्हायला लागलं की ट्रॅक्टरची गॅरेजं आणि स्पेअरपार्टची दुकानं दिसू लागतात. या दुकानांच्या काउंटरवर नावांपेक्षा आकडेच जास्त ऐकू येतात. दोनशे पंच्याहत्तरची क्लच प्लेट, छत्तीसशेचा वॉटर पंप, सातशे पस्तीसचं हेड गॅस्केट, पंचवीस अकराचे रिंग-पिस्टन. कंपनीचं नाव घ्यायची गरजच पडत नाही, आकडा सांगितला की कंपनी कळते.

ट्रॅक्टर पाच-सात वर्षांचा असेल, तोवर हे सगळं सुरळीत चालतं. चाळीस-पन्नास वर्षांचं धूड दारात येऊन उभं राहिलं की खरी पंचाईत सुरू होते. बोनट बदललेलं असतं. मडगार्ड भलत्याच कंपनीचं असतं. दर दसऱ्याला चढलेल्या रंगाच्या थरांखाली कंपनीची प्लेट बुजलेली असते. वर चकचकीत नवा स्टिकर असतो. तो मालकाला आवडला म्हणून लावलेला, नाहीतर रंगाऱ्याकडे तोच शिल्लक होता म्हणून. वडिलांनी घेतला तेव्हा त्याला घरात ‘मेसी’ म्हणायचे, एवढीच मुलाची माहिती. त्या माहितीवर बेअरिंग मागितलं तर ते बसत नाही, आणि तालुक्याहून आलेल्या माणसाची एक खेप वाया जाते.

जुना ट्रॅक्टर ओळखणं हा त्यामुळे केवळ हौशी लोकांचा उद्योग राहत नाही. सुटे भाग, विक्रीची किंमत, आरटीओचे कागद आणि वाटणीतला हिस्सा, सगळं त्या ओळखीवर अवलंबून असतं. आणि ओळखायला बसलं की पहिला धक्का आकड्यांचाच बसतो. २७५ म्हणजे नेमकं किती आणि कशाचं? ताकदीचं, सालाचं की सिलिंडरचं? एकच उत्तर सगळ्या कंपन्यांना लागू पडत नाही. प्रत्येक कंपनीचा आकडा ज्याच्या त्याच्या रीतीने वाचावा लागतो, कारण तो आकडा आपल्याकडे वेगळ्या देशातून, वेगळ्या कराराच्या वाटेने आला आहे.

परवाना, करार आणि प्रतीक्षायादी

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला, तेव्हा भारतात ट्रॅक्टर बनतच नव्हता. शेतात जे काही चाले ते आयात केलेलं असे. पहिला देशी ट्रॅक्टर फरिदाबादच्या आयशर कारखान्यातून २४ एप्रिल १९५९ रोजी बाहेर पडला. त्याचं तंत्र जर्मनीतल्या बव्हेरियाच्या आयशर बंधूंचं होतं. १९६० मध्ये चेन्नईत टॅफे उभी राहिली, ती मेसी फर्ग्युसनशी करार करून. बडोद्याच्या हिंदुस्थान ट्रॅक्टरने चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरचा हात धरला, तर एस्कॉर्ट्सने पोलंडच्या उर्सुसचा. १९६१-६२ साली देशभरात मिळून हजार ट्रॅक्टरसुद्धा तयार होत नव्हते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने मोठी घटना १९६३ ची. महिंद्र अँड महिंद्र, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि १९६५ मध्ये मुंबईच्या कांदिवलीतून बी-२७५ बाहेर पडू लागला. त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी पैठणजवळ जायकवाडी धरणाची पायाभरणी केली. धरण १९७६ मध्ये पुरं झालं. कालव्याचं पाणी फिरलं, त्यापाठोपाठ ऊस आला आणि ऊस कारखान्यावर पोचवायला ट्रॉली आली. मराठवाड्यात ट्रॅक्टर नांगराइतकाच ट्रॉलीसाठीही घेतला गेला. जुन्या यंत्रांची मागची हाऊसिंग आणि गिअरबॉक्स इतक्या वेळा का उघडलेली सापडते, त्याचं एक कारण या ओढकामात आहे.

देशी उत्पादन पुरत नव्हतं, म्हणून साठ-सत्तरच्या दशकांत पूर्व युरोप आणि सोव्हिएत संघातून ट्रॅक्टर येत राहिले. राज्याराज्यांच्या कृषी उद्योग महामंडळांमार्फत त्यांचं वाटप होई. १९७१ मध्ये तर वितरण आणि विक्रीवर नियंत्रण ठेवणारा आदेशच निघाला. ट्रॅक्टर निवडायचा नसे, नंबर लागला की जो येईल तो घ्यायचा असे. त्यामुळे एकाच शिवारात शेजारी-शेजारी निरनिराळ्या देशांची यंत्रं येऊ शकत, आणि कोणाचा नट कोणाला बसत नसे.

१९७१ मध्ये एचएमटीने हरियाणातल्या पिंजोरला झेटरच्याच तंत्राने उत्पादन सुरू केलं. त्याच सुमारास एस्कॉर्ट्सने फोर्डशी भागीदारी करून फोर्ड ३००० बनवायला घेतला. १९७४ मध्ये पंजाब ट्रॅक्टर्सचा स्वराज ७२४ आला. त्याचा आराखडा दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेत झाला होता, म्हणजे तो परदेशी कराराशिवाय उभा राहिलेला. आपल्या नाशिकलाही किर्लोस्करांनी जर्मनीच्या डॉइट्झशी करार करून ट्रॅक्टर काढले. आज गॅरेजात ऐकू येणारे बहुतेक जुने आकडे या पंधरा वर्षांच्या धांदलीत आपल्याकडे आले.

ज्याची त्याची रीत

सगळ्यांत सरळ रीत झेटरची. २५११ आणि ३५११ मधले पहिले दोन आकडे ताकदीची पातळी सांगतात, पंचवीस आणि पस्तीस एचपी. शेवटचे ११ कुळाचे. झेटरने ठरवून एकच कुटुंब आखलं होतं, त्यात बरेच भाग सगळ्या भावंडांना सारखे बसावेत असा बेत होता. २५११ दोन सिलिंडरचा, ३५११ तीन सिलिंडरचा, पण पिस्टन-लाइनरचं नातं एकच. एचएमटीने हीच रीत पुढे ५९११ पर्यंत चालवली. डॉइट्झचंही असंच. डी-४००६ मधलं ४० ताकदीच्या वर्गाचं आणि ०६ मालिकेचं.

स्वराजचे ७२४, ७३५ आणि ८५५ घ्या. इथे शेवटच्या दोन आकड्यांकडे बघायचं. ते ताकदीच्या जवळपास जातात. पण स्वराज ओळखताना वेगळीच गफलत होते. स्वराजला किर्लोस्करची इंजिनं बसत, पुढे १९८५ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्सच्या सहकार्याने स्वराज इंजिन्स ही कंपनीही निघाली. ब्लॉकवर किर्लोस्करचं नाव वाचून ‘हा किर्लोस्करचा ट्रॅक्टर’ असं छातीठोकपणे सांगणारा भेटला, तर त्याने अर्धंच वाचलं आहे असं समजावं.

मेसीची वाट जरा लांबची. हॅरी फर्ग्युसनचा करडा टीई-२० इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत १९४६ ते १९५६ या काळात पाच लाखांवर बनला. टीई म्हणजे इंग्लंडचा ट्रॅक्टर. अमेरिकेत बनला तो टीओ, परदेशचा. मध्ये आणखी एक अक्षर येई आणि इंधन सांगे. टीईए-२० पेट्रोलचा, टीईडी-२० रॉकेलसारख्या इंधनाचा, टीईएफ-२० डिझेलचा. १९५३ मध्ये फर्ग्युसन आणि मेसी-हॅरिस एक झाले, पुढे लाल-करडा एमएफ ३५ आला. त्याच्या डिझेलमध्ये सुरुवातीला चार सिलिंडरचं इंजिन होतं, नंतर पर्किन्सचं तीन सिलिंडरचं आलं. बोनटवरचा आकडा मात्र ३५ च राहिला. पर्किन्सच्या त्या इंजिनाचं नाव ए३.१५२. तीन सिलिंडर, १५२ घनइंच आकारमान. इंजिनाच्या नावाने एवढी प्रामाणिक माहिती फार कमी कंपन्यांनी दिली आहे. टॅफेने पुढे इथे १०३५ काढला, तेव्हाही त्याच्या शेपटीला ३५ राहिला.

आता आपला बी-२७५. यातल्या २७५ मध्ये ना एचपी सापडतो, ना साल. ट्रॅक्टर साधारण पस्तीस एचपीचा. बी हे अक्षर इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ब्रिटनमधल्या शाखेचं, तिथे हे मॉडेल १९५८ पासून होतं. इंजिनाचं नाव बीडी-१४४. इथे १४४ घनइंच. चार सिलिंडर, आणि थंडीत सुरू करायला हीटर प्लग. १९७७ मध्ये ट्रॅक्टर कंपनी महिंद्रात विलीन झाली, पण २७५ हा आकडा बाजारात इतका मुरला होता की तो सोडणं परवडणारं नव्हतं. नंतरच्या मॉडेलांना डीआय हे शेपूट लागलं, म्हणजे डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं इंजिन. अलीकडचा २७५ डीआय टीयू तीन सिलिंडरचा आहे. म्हणजे तोच आकडा, तोच लाल रंग, पण पोटातलं इंजिन अगदी दुसरं. ‘दोनशे पंच्याहत्तरचा गॅस्केट सेट द्या’ एवढंच सांगितलं की जाणता दुकानदार आधी नोझल किती, म्हणजे सिलिंडर किती, ते विचारतो.

सोव्हिएत मालाचा घोळ याहून न्यारा. तिकडच्या वेगवेगळ्या कारखान्यांचे ट्रॅक्टर निर्यातीसाठी एकाच ‘बेलारूस’ नावाखाली विकले जात. एमटीझेड-५० मिन्स्कचा, तर एअरकूल्ड टी-२५ व्लादिमीर शहरातला. बॅज एक, गाव वेगळं. त्याच टी-२५ चा अवतार आपल्याकडे हर्षा नावाने निघाला. अशा वेळी बॅजवर विसंबून सुटे भाग शोधणाऱ्याला फार हिंडावं लागतं.

फोर्डने मात्र तारखा लिहून ठेवल्या. १९३९ मध्ये हेन्री फोर्ड आणि फर्ग्युसन यांनी हस्तांदोलनावर ठरवून आणलेल्या ट्रॅक्टरचं नाव ९एन. ९ म्हणजे १९३९, एन हे फोर्डच्या यादीत ट्रॅक्टरचं अक्षर. पुढचे २एन आणि ८एन म्हणजे १९४२ आणि १९४८. साठच्या दशकात ही रीत सुट्या भागांपर्यंत गेली. फोर्डच्या ओतीव भागावर सी५एनएन अशी सुरुवात दिसली तर सी म्हणजे साठचं दशक, ५ म्हणजे १९६५, पुढचा एन ट्रॅक्टरचा. डी आला तर सत्तरचं दशक, ई आला तर ऐंशीचं.

रॉकेल, ब्रश आणि खडू

आता प्रत्यक्ष यंत्रासमोर उभं राहू. पहिला नियम असा की बोनटकडे पाहायचं नाही. बोनट, मडगार्ड, दिवे, सीट आणि टायर हे सगळं बदलतं. इंजिनाचा ब्लॉक, क्लच हाऊसिंग, गिअरबॉक्स आणि मागची हाऊसिंग हे चार जड ओतीव भाग बघायचे. तेही बदलता येतात, पण स्टिकरइतके सहज नाही.

आधी दुरूनच दोन गोष्टी कळतात. रेडिएटर आहे की नाही? नसेल आणि सिलिंडरवर पंखासारख्या चकत्या असतील, तर यंत्र हवेने थंड होणारं. मग जुना आयशर, टी-२५ किंवा डॉइट्झच्या घराण्यातलं काही, एवढ्यावर शोध आटोपतो. जुना आयशर तर एका सिलिंडरवर पंचवीस एचपी काढणारा, सुरू झाला की पाहण्याआधी कानांनाच ओळख पटते. दुसरी गोष्ट, डिझेल पंपातून निघून नोझलपर्यंत जाणाऱ्या बारीक पोलादी नळ्या मोजायच्या. जितक्या नळ्या तितके सिलिंडर. महिंद्राच्या बाबतीत चार की तीन, यावर अर्धा निकाल लागतो.

मग रॉकेल, ताराचा ब्रश आणि चिंधी. वंगण आणि मातीचा थर निघाला की लोखंडावर दोन तऱ्हेचे आकडे दिसतात, आणि सगळी ग्यानबाची मेख इथे आहे. काही आकडे उठावाचे असतात. ते साच्यातूनच आलेले. त्या भागाच्या आराखड्याचा नंबर तो, आणि त्याच साच्यातून निघालेल्या हजारो भागांवर तोच असतो. काही आकडे खोल ठोकलेले असतात. ते एकेक करून पंचाने मारलेले, त्या एकाच यंत्राचे. उठावाचा नंबर मॉडेल सांगतो, ठोकलेला नंबर नग सांगतो. उठावाचा नंबरच चेसीस नंबर समजून कागदावर उतरवून घेणारे कमी नाहीत, आणि ती चूक पुढे विक्रीच्या वेळी उगवते.

ठोकलेले आकडे झिजून पुसट झाले असतील तर कोरड्या जागेवर खडू घासून वरचा थर पुसून घ्यायचा. पांढरी भुकटी खाचांत उरते आणि आकडे उजळतात. ३ आणि ८, १ आणि ७, ५ आणि एस यांवर वाद होतात. बॅटरी तिरपी धरून पाहिलं की बहुतेक वाद मिटतात. आकड्याभोवतालची जागा ग्राइंडरने घासल्यासारखी गुळगुळीत असेल, किंवा एखादा आकडा ओळीतून वर-खाली गेला असेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

फोर्डवर ठोकलेला आणखी एक छोटा संकेत असतो, उदाहरणार्थ ५सी१२बी. वर्षाचा शेवटचा आकडा ५, तिसरा महिना म्हणून सी, तारीख १२, पाळी बी. दशक मात्र लिहिलेलं नाही. १९६५ की १९७५? अशा वेळी ओतीव भागाचा नंबर कामाला येतो. डी५एनएनने सुरू होणारा भाग १९६५ मध्ये असूच शकत नाही. उलट सी५एनएन मिळाला म्हणून ट्रॅक्टर १९६५ चाच, असं मात्र म्हणता येत नाही. ते साल आराखड्याचं असतं, आणि एकच आराखडा कारखाने वर्षानुवर्षं वापरत. जुन्या यंत्राचं वय ठरवताना सगळ्यांत जुना आकडा पाहून हुरळून जाण्यापेक्षा सगळ्यांत नवा आकडा शोधावा. तो भाग मागाहून बदललेला नसेल, तर यंत्र त्याच्या आधी जन्मलेलं नसतं.

आकडा खोटं बोलतो तेव्हा

आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हा प्रश्न अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी विधिमंडळात गेला. तिकडे तेव्हा ३०-६० किंवा १०-२० अशी जोडनावं असत. पहिला आकडा ओढण्याची ताकद, दुसरा पट्ट्यावरची. पण हे आकडे कंपन्याच ठरवत. मिनिआपोलिसच्या एका कंपनीने तर फोर्ड आडनावाचा माणूस हाताशी धरून ‘फोर्ड’ नावाने ट्रॅक्टर विकले, त्यांचा हेन्री फोर्डशी काडीचाही संबंध नव्हता. म्हणूनच हेन्री फोर्डला स्वतःच्या ट्रॅक्टरचं नाव फोर्डसन ठेवावं लागलं. नेब्रास्कातले शेतकरी विल्मॉट क्रोझियर यांनी तो बनावट फोर्ड घेतला आणि त्यांचे हाल झाले. पुढे ते आमदार झाले आणि १९१९ मध्ये कायदा आला: चाचणीत दावा सिद्ध झाल्याशिवाय नेब्रास्कात ट्रॅक्टरचं मॉडेल विकायचं नाही. नेब्रास्का विद्यापीठाचे ते चाचणी अहवाल जगभर प्रमाण मानले जाऊ लागले.

आपल्याकडे हे काम मध्य प्रदेशात नर्मदाकाठच्या बुधनीला चालतं. १९५५ मध्ये तिथे ट्रॅक्टरचं प्रशिक्षण केंद्र सुरू झालं, पुढे चाचण्याही सुरू झाल्या. इंजिनाची ताकद आणि पीटीओवर, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्यावर, प्रत्यक्ष मिळणारी ताकद यांत फरक असतो, कारण मधले गिअर आपला वाटा खातात. विक्रीच्या वेळी मोठा आकडा सांगतात, रोटाव्हेटरला कामी येतो तो लहान. जुन्या मॉडेलाचा चाचणी अहवाल हाती आला तर सिलिंडर, आकारमान, वजन आणि गिअर यांचा पक्का तपशील मिळतो आणि समोरच्या लोखंडाशी तो ताडून पाहता येतो.

आरसी बुकातला ट्रॅक्टर

लोखंडाइतकीच दुसरी साक्ष कागदाची. आरसी बुकात कंपनीचं नाव, मॉडेल, निर्मितीचा महिना आणि वर्ष, सिलिंडरची संख्या, एचपी, इंजिन नंबर आणि चेसीस नंबर असे रकाने असतात. गंमत अशी की ट्रॅक्टरला बहुधा चेसीस नसतोच. मोटारीसारखा पोलादी सांगाडा काढून टाकून इंजिन, गिअरबॉक्स आणि हाऊसिंग थेट एकमेकांना बोल्टने जोडण्याची पद्धत फोर्डसनने १९१७ मध्ये रूढ केली आणि जगाने ती उचलली. सांगाडाच नाही, तर नंबर ठोकायचा कुठे? प्रत्येक कंपनीने आपापली जागा निवडली. म्हणून एका ट्रॅक्टरवर नंबर सापडला त्याच जागी दुसऱ्यावर सापडेल, याची खात्री नाही.

शेतीचा ट्रॅक्टर बिगर-वाहतूक वाहनांत मोडतो. पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, मग दर पाच वर्षांनी. त्या वेळी नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीने छाप घेतात. ही छाप आणि पुस्तकातला नंबर जुळला नाही की फाइल अडकते. इंजिन बदललं असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगी आणि नोंद लागते. पण हंगामाच्या तोंडावर भंगारातला ब्लॉक आणून बसवणाऱ्याला आरटीओ कुठून आठवणार? मग वीस वर्षांनी पोरांना तो घोळ निस्तरावा लागतो.

मराठवाड्यातल्या कागदांची आणखी एक गोम आहे. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबादमधून वेगळा झाला. म्हणून भोकरदन-अंबडकडच्या त्याआधीच्या ट्रॅक्टरांचे कागद औरंगाबाद जिल्ह्याचे असतात. १९८९ पूर्वीच्या पाट्या तीन अक्षरांच्या, नंतरच्या एमएच-२० आणि एमएच-२१. आता २०२३ पासून शहराचं नावही बदललं आहे. एका यंत्राच्या फाइलमध्ये असे निरनिराळे पत्ते दिसले म्हणून दचकू नये. ते नीट क्रमाने लावले तर ट्रॅक्टर साधारण कोणत्या काळात घेतला, याचा अंदाज येतो. कर्जाने घेतला असेल तर सातबाऱ्याच्या इतर हक्कात चढलेला आणि उतरलेला बोजाही तारीख सांगतो, आणि तीही सरकारी शिक्क्यासकट.

कागद, ठोकलेला नंबर, उठावाचा नंबर आणि नोझलची संख्या हे चारही एकमेकांशी जुळले तर ओळख पक्की. तीन जुळले आणि एक फुटला, तर तो फुटलेला धागा बहुधा दुरुस्तीचा असतो. दोनच जुळले तर समोर एक ट्रॅक्टर नसून दोन ट्रॅक्टरांची बेरीज उभी आहे असं धरावं, आणि भाव त्या हिशेबाने करावा. अशा जोडयंत्रांत कमीपणा काही नाही. ज्या काळात पार्ट मिळत नव्हते, त्या काळात आपल्या मिस्त्रींनी ती चालती ठेवली. फक्त ती अस्सल म्हणून विकू नयेत.

आता जुन्या ट्रॅक्टरांना हौसेचा भावही येऊ लागला आहे आणि त्यासोबत रंगरंगोटी वाढली आहे. रंगकामाआधी सँडब्लास्टिंग केलं की गंजाबरोबर पुसट आकडेही जातात, आणि पत्र्याची प्लेट उचकटली की ती भंगाराच्या डब्यात पडते. स्टिकर बाजारात हवा तेव्हा मिळतो, प्लेट मिळत नाही. त्यामुळे ट्रॅक्टर रंगाला देण्याआधी उठावाचे आणि ठोकलेले सगळे नंबर वहीत उतरवून घ्यावेत, त्यांचे फोटो आरसी बुकासोबत ठेवावेत आणि रंगाऱ्याला पहिलं काम प्लेटवर चिकटपट्टी लावण्याचं सांगावं. त्याची मजुरी वेगळी मागितली तरी ती द्यावी.